लिंबाजीची थोरली

लिंबाजी मला कधीच आवडला नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटायला नको की म्हातारा गेल्या माणसाबद्दल गोड बोलून राहिला. तो दारू पीत नव्हता, कोणाचा बांध कोरत नव्हता, मागून नेलेलं खुरपं धार लावून परत आणून द्यायचा. त्याच्यात खोट नव्हती, हीच माझी तकलीफ होती. खोट असती तर बोट ठेवायला जागा मिळाली असती.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. मेंढरं राखणं आणि वावर वाहणं, एवढंच आयुष्यभर केलं. पण माझी बायको वारली, आणि तिची आठवण काढायला बसलो की ती एकटी येत नाही. तिच्या मागं लिंबाजी येतो, डोक्यावर मळकी टोपी आणि पायाखाली तराफा घेऊन. नवऱ्याला बायकोची आठवणसुद्धा एकट्याची मिळू नये, याचा मला राग आहे. त्या रागापायी लिहितो. बायकोचं नाव गया. ती होती तोवर मी तिला नावानं हाक मारली नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. "ऐकलं का" म्हणायचो. आता कागदावर गया लिहितो.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या बाजाराला जीपनं जायचं. पूर्णेवर धरण झालं तेव्हा पाणी गावाच्या पायाशी येऊन थांबलं आणि गावाची बरीच जमीन पाण्याच्या पल्याड राहिली, टेकडीच्या पायथ्याला. गाडीरस्त्यानं पल्याड जायचं तर पूल लांब. सकाळी निघालेली बैलगाडी दुपार टळल्यावर पोचायची. आणि पाण्यावरून सरळ बघितलं तर पल्याडचा माणूस चालण्यावरून ओळखू यायचा, एवढंच अंतर. हाक मात्र पोचत नसे.

लिंबाजीचं चार एकर रान पल्याड होतं. बायको तरुणपणीच गेलेली, एक पोरगी होती ती वारंगा फाट्याला दिलेली. घरात एकटा. म्हणून डोकं रिकामं, असं मी म्हणायचो. त्यानं ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा बांधल्या, वर बांबू आणि फळ्या ठोकल्या आणि तराफा केला. सकाळी रिकामा तराफा वल्हं मारत पल्याड न्यायचा. येताना कडबा नाहीतर गवत लादलेलं असायचं, ते वल्ह्यानं ढकलणं एका माणसाचं काम नाही. पण आमच्याकडं दुपारनंतर वारं टेकडीवरून गावाकडं येतं. लिंबाजीनं त्या वाऱ्याला कामाला लावलं. त्यानं वावड्या केल्या. वावडी म्हणजे पतंगच, पण माणसापेक्षा मोठा, कापडाचा, दोन दोरांचा. ती वर चढवायची, दोर तराफ्यावरच्या खुंट्याला वेढे देऊन हातात धरायचे आणि एका पायानं मागची फळी वळवत यायचं. वर वावडी, खाली कडब्याचा डोंगर आणि मधी हा काटकुळा माणूस. नव्वद सालानंतरची ती गोष्ट. पुसेगावची माणसं काम काढून बघायला यायची. मी बघायला गेलो नाही. मला माझ्या अल्याडच्या वावरातून दिसायचंच.

वावड्या तीन होत्या. धाकटी तीन हाताची, मधली पाच हाताची आणि थोरली आठ हाताची. वारं जोराचं असलं की धाकटी, बेताचं असलं की मधली आणि वारं मंद असलं की थोरली. हे मला उलटं वाटायचं. मी एकदा त्याला चारचौघांत अडवलं. म्हटलं, वाऱ्यात दम नाही आणि तू एवढं धूड काढून राहिला. मरतुकड्या बैलाला मोठा नांगर जुंपतो का कोणी?

सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, "दादा, बैल एका जागी असतो, त्याच्यात हाय तेवढाच दम. वारं सगळ्या पाण्यावर सांडलेलं असतं, थोडं थोडं. ते गोळा कराया झोळी मोठी लागती."

"मग रोज थोरलीच लाव. लौकर येशील."

त्यानं तोंड उघडून पुढच्या दाताची खिंड दाखवली. "वैशाखात लावली व्हती एकदा. हा दात तिनंच नेला."

परत सगळे हसले, आणि ह्या वेळी ते त्याच्या बाजूनं हसले. मी अडवायला गेलो की दर वेळी असंच व्हायचं.

त्याचं एक वेड होतं. सगळं तो हातानं मोजायचा. आज कसा दिवस आहे विचारलं तर ऊन, पाऊस, थंडी असं काही बोलायचा नाही. "आज आठ हाताचा दिवस हाय," म्हणायचा. म्हणजे वारं मेलेलं आहे, थोरली काढावी लागणार. माणसांनाही तेच माप. कोणी तावातावानं बोलायला लागला की हळूच म्हणायचा, "भाऊ, तीन हातावर आलं तुमचं." आणि आमच्या दारावरून जाताना मी आणि गया दोघं गप्प बसलेले दिसलो की बाहेरूनच म्हणायचा, "काय वैनी, आठ हात?" ती खुदकन हसायची. तासाभरापासून माझ्याशी धरलेला अबोला त्या एका शब्दावर सुटायचा. हसायची त्याच्या बोलण्यावर आणि मग चहा मला द्यायची. तो चहा मला गोड लागत नव्हता.

कानावर त्याच्या केसांचे झुबके होते. न्हावी कापायला लागला की हा डोकं मागं घ्यायचा. वारं आधी तिथं कळतं म्हणे. मंद वाऱ्याचा त्याला भारी सोस. जोराच्या वाऱ्यात कोणीही येईल, म्हणायचा, कामाचा माणूस पडल्या वाऱ्यात कळतो. थोरलीच्या बांबूच्या कामट्या तो बाटलीच्या काचेनं तासायचा, तासून तासून तळहातावर तोलायचा, परत तासायचा. "पडल्या वाऱ्याची वावडी मोठी पायजे आन उपाशी पायजे," हे त्याचं बोलणं. उपाशी म्हणजे अंगात वजन नको. आधीची थोरली त्यानं धोतराची केली होती. ती जड झाली, चढेना. खताच्या गोणीतल्या पातळ पिशव्या जोडून बघितल्या, त्या उन्हानं तडकल्या. त्याला हलकं आणि दमाचं कापड पाहिजे होतं.

ते त्याला माझ्या घरातून मिळालं.

एका साली मेंढरं चांगली गेली तेव्हा मी गोरेगावच्या बाजारातून गयाला नायलॉनची साडी आणली होती. जांभळी, तिच्यावर पांढरी फुलं. जन्मात मी तिच्यासाठी मनानं आणलेली ती एक वस्तू. तिनं ती एका लग्नात नेसली. डोक्यावरचा पदर सारखा घसरायचा, निऱ्या सुटायच्या. घरी येऊन घडी केली ती पेटीत. नंतर नेसली नाही. मी विचारलंही नाही, आणि मनातून काढलंही नाही.

एक दिवस वावरातून बघतो तर पाण्यावरून जांभळं काही येऊन राहिलं. जवळ आलं तशी पांढरी फुलं दिसली. माझी साडी. तीन तुकडे आडवे जोडून, चिंचोक्याच्या खळीचा पातळ हात देऊन, चारी कडांना दुहेरी टीप घातलेली. टीप गयाचीच, तिचा टाका मी ओळखतो. सगळं गाव काठावर उभं आणि माझ्या बायकोची साडी लिंबाजीला ओढत आणून राहिली.

घरी जाऊन मी तोंडाला येईल ते बोललो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं. भाकरी उलटली आणि म्हणाली, "अंगावर राहात न्हाई ती माझ्या. वाऱ्यावर तरी राहील."

मी जेवलो नाही. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. लिंबाजी संध्याकाळी गुळाचा खडा घेऊन आला आणि माझ्याच ओसरीवर बसून मला सांगायला लागला की दादा, अशी वावडी जिल्ह्यात न्हाई. मी म्हटलं, बराबर आहे, अशी साडीही नव्हती. त्याला ते लागलंच नाही. त्याला कापड दिसत होतं. साडी मला एकट्याला दिसत होती.

पण खरी गोष्ट साडीची नाही, सुपाची आहे.

पल्याड टेकडी आड येते, त्यामुळं तिथं पायथ्याला वारं लागत नाही. लागलं तर गिरकी घेऊन लागतं, खोटं. पाण्यावर खरं वारं किती आहे ते आमच्या काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. लिंबाजी दोनदा फसला. मग त्यानं बघितलं की गावात वारं सगळ्यात जास्त कोणाला कळतं. गया उफणायला उभी राहिली की आजूबाजूची खळी तिच्याकडं बघून उभी राहायची. तिवईवर चढून ती पहिलं सूप रितं करायची, भुसा कुठं पडतो ते बघायची आणि पाय अर्धा वीत सरकवायची. दाण्यात काडी राहायची नाही. हा बाबा आमच्या खळ्याच्या कडेला बसून भुसा मोजायचा. भुसा सुपाखालीच पडला तर थोरली, दोन पावलं गेला तर मधली, धुरासारखा उडाला तर धाकटी.

त्यातून त्यांचं ठरलं. दुपार कलली की गया सूप घेऊन पाण्याच्या काठी जायची. तीन वेळा भुसा सोडून बघायची. मग सूप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून पल्याड दाखवायची. एकदा दाखवलं तर थोरली, दोनदा तर मधली, तीनदा तर धाकटी. वारं अजिबात नसलं तर सूप पालथं धरायचं, म्हणजे येऊ नका. पल्याडून लिंबाजी डोक्यावरची टोपी काढून उंच धरायचा. समजलं म्हणून. मग वावडी बांधायला घ्यायचा.

रोज. सुगीभर रोज. लांबून नीट दिसावं म्हणून तिनं त्या सुपाला चुना लावला. आमच्या घराच्या भिंतीला पाच वर्षं चुना नव्हता.

गावात कोणी वाकडं बोललं नाही, हे सांगतो. बोललं असतं तर मी काठी घेऊन गेलो असतो आणि मोकळा झालो असतो. सगळ्यांचाच कडबा त्या तराफ्यावरून यायचा, माझ्या पल्याडच्या तुकड्यातलासुद्धा. वाकडं होतं ते माझ्या पोटात. मी वावरातून उभा राहून बघायचो. ती सूप वर करायची, तिकडून टोपी वर व्हायची. माझ्यासाठी तिनं कधी हात वर केला नव्हता. मी बाजारातून आलो की ती पिशवीकडं बघायची. मीही तिला कधी टोपी दाखवली नाही, ते आज लिहिताना कळतं. तेव्हा नव्हतं कळत.

मग ती आजारी पडली. हिवताप. दोन दिवस अंथरुणावर. तिसऱ्या दिवशी दुपारी मी उशाशी बसून कपाळावर ओलं फडकं ठेवत होतो. ती डोळे मिटून होती. मला वाटलं माझ्याशी काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "आवं, टाइम झाला. मला उठवत न्हाई. तुमी जा, सूप दाखवा. आधी तीन डाव भुसा सोडून बघा, मग दाखवा."

अंगात ताप, आणि डोक्यात सूप.

मी गेलो. भुसा सोडला, तो माझ्या पायावर पडला. दुसऱ्यांदा सोडला, पायावरच. वारं जेमतेम होतं, आठ हाताचं. सूप एकदा दाखवायचं, हे मला समजत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं बघत होतो. पल्याड तो कडबा लादून उभा होता, माझ्या हाताकडं बघत.

मी सूप तीनदा वर केलं.

धाकटी लाव आणि बस पाण्यात. बघू दे गावाला तुझं हात मोजणं. माझ्या मनात एवढंच होतं. त्याचा जीव जावा असं नव्हतं, ते देवाशपथ सांगतो. पडल्या वाऱ्यात कोणी बुडत नाही, नुसता अडकतो. मला तो अडकलेला बघायचा होता.

टोपी वर झाली नाही. मी वाट बघितली. तो नुसता उभा होता. मग खाली वाकला आणि बांधायला लागला. मला वाटलं, बाईच्या जागी बाप्या दिसला म्हणून टोपी उचलली नसेल.

धाकटी वर आली. काठाजवळ गिरकीच्या वाऱ्यात बरी चढली. तराफा हलला, निम्म्या पाण्यापर्यंत आला आणि थांबला. वावडी पिचक्या आंब्यासारखी लोंबली आणि पाण्यात बसली. त्यानं ओढून काढली, झटकली, परत चढवायला बघितली. परत पाण्यात. काठावर माणसं जमली. कोणीतरी ओरडलं, "लिंबाजीभाऊ, मुक्काम तिथंच का?" त्यानं हात हालवला. खिशातला गूळ काढून खाल्ला. मग वल्ह्याची फळी घेतली आणि तो कडब्याचा डोंगर एकटा ढकलायला लागला. उन्हाच्या तोंडावर बसून, हातभर पुढं, वीतभर मागं. मी काठावर उभा राहून बघितलं. पहिल्या घटकेला बरं वाटलं. मग वाटेना. पण मी हाललो नाही.

दिवस बुडताना तो काठाला लागला. दोन्ही तळहात सोलपटलेले, फळीला रक्त. खालचा कडबा भिजलेला. आणि तेवढ्यात मागून गया आली, अंगावर गोधडी घेऊन. कोणीतरी घरी जाऊन सांगितलं असणार. तिनं आधी त्याच्या हातांकडं बघितलं, मग तराफ्यावरच्या धाकटीकडं, मग माझ्याकडं.

"तुमी किती डाव दाखवलं?"

मी म्हणालो, "एकदा."

ती लिंबाजीकडं वळली. मी जमिनीकडं बघत होतो. त्यानं फक्त खरं बोलायचं होतं. मग मी संपलो असतो, गावात नाही, तिच्यापुढं. तो पाण्यानं हात धूत होता. मान वर न करता म्हणाला, "एकदाच दाखवलं, वैनी. थोरलीची कामटी मोडली व्हती म्हून मी धाकटी लावून बघितली. मपला अंदाज चुकला."

"तुमचा?" ती म्हणाली.

"व्हय. म्हातारा झालो."

तिनं त्याला तिथं उभ्या उभ्या रागे भरलं. मग माझ्या खांद्यावर हात टेकून घरी आली. लग्नापासून चारचौघांत तिनं माझा आधार घेतला तो तेवढा एकदाच.

पुढं कितीतरी वर्षं तिनं त्याला त्यावरून चिडवलं. सुगी सुरू झाली की दारातून म्हणायची, "भावजी, औंदा तरी सुपाकडं बघून लावा." तो म्हणायचा, "बघतो वैनी." मी मोठ्यानं हसायचो. लिंबाजीच्या आयुष्यातली ती एक चूक, आणि ती माझी होती. त्या चुकीवर मी सुखानं दिवस काढले. गावात मोबाईल आले तेव्हा कोणी म्हणालं, आता फोन करून विचारा वारं. लिंबाजी म्हणाला, फोन कोणाच्या हातात हाय ते दिसत न्हाई. मी चोरून त्याच्याकडं बघितलं. पण त्याचं तोंड साधं होतं, आणि गया सूप घेऊन निघालीच होती.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला, तिथून घरी. घरी आणली तेव्हाच मला कळलं की काय ते. ती गेली. आमचा पोरगा पुण्याहून आला, तेरावं केलं आणि गेला. त्यालाही नोकरी आहे, त्याला दोष देत नाही.

तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी लिंबाजी आला. काखेत गाठोडं. ओसरीवर बसला. इतक्या गप्प घराला तो काहीतरी माप देईल म्हणून मी वाट बघत होतो. शेवटी मीच म्हणालो, "का रे, आज किती हात?"

त्यानं घरात बघितलं, चुलीकडं. मान हालवली. "एवढी मोठी मपल्यापाशी न्हाई, दादा."

मला रडू आलं. बायको गेल्यापासून माणसांपुढं आलं नव्हतं, ते ह्याच्यापुढं आलं. ह्याचाही मला रागच आहे. डोळे पुसले आणि आता बोललो नाही तर बोलणार नाही, म्हणून बोलून टाकलं. "त्या दिवशी मी सूप तीनदा दाखवलं होतं."

"ठावं हाय."

"चुकून नाही."

"तेबी ठावं हाय. वैनीचं लाल लुगडं काठच्या कुपाटीवर वाळत व्हतं. त्याचा पदर हालत नव्हता. वारं किती हाय ते मला दिसत व्हतं."

"मग काहून धाकटी लावली?"

तो गाठोड्याची गाठ चाचपत राहिला. "त्या सुपाच्या उलट मी कधी गेलो न्हाई, दादा. कोणाच्या हातात हाय ते बघून आज मानायचं, उद्या न्हाई, असं केलं की मग रोजच शंका. म्हून लावली."

मी विचारलं, आणि तिच्यापुढं खोटं का बोललास? तर म्हणाला, "ती तापात उठून आली व्हती. तुमच्याच खांद्यावर घरी जायाची व्हती ना."

बघा. मी तिच्या बाजूला पस्तीस वर्षं झोपलो, आणि तिला घरी कसं पोचवायचं ह्याचा विचार ह्यानं केला. मी तिला कधी खरं सांगितलं नाही. ती गेली ते लिंबाजी चुकला असं समजून गेली. माझ्यासाठी त्यानं तिच्या नजरेत चुकलेला माणूस व्हायचं कबूल केलं, आणि बारा वर्षं चिडवून घेतलं. एवढं मी तिच्यासाठी केलं असतं का? नसतं केलं. आणि हे मला त्याच्याकडून कळावं, ह्याच्यासारखी जळजळ दुसरी नाही.

त्यानं गाठोडं माझ्यापुढं सरकवलं. थोरली होती, घडी केलेली, कामट्या काढलेली. "वैनीची साडी. ठेवा तुमी."

मी हात लावला. जांभळा रंग उन्हानं पार उडाला होता, फुलं आणि कापड एकच झालं होतं. टीप मात्र जागच्या जागी. वाटलं, घ्यावी आणि पेटीत घालावी, हिच्याकडं आता कोणी बघायला नको. आणि माझ्याच तोंडून निघालं, "ने. अंगावर राहात नव्हती तिच्या."

तो घेऊन गेला.

त्या सुगीत त्याचा शेवटचा कडबा पल्याड राहिला होता. पोरगी त्याला वारंगा फाट्याला न्यायला येणार होती. डोळे अधू झालेले, रान बटाईनं दिलेलं. सकाळी तो वल्हं मारत गेला तेव्हा मी दारात होतो. सुपाचं काही ठरवलं नव्हतं. दुपारी मी सूप काढलं. चुना उडाला होता. तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवला आणि बोटानं सुपाला लावला, जमेल तसा, आणि उन्हात वाळवलं.

दुपार कलली तसा काठी गेलो. भुसा सोडला. पायावर. परत सोडला. पायावर. तिसऱ्यांदा सोडला तेव्हा जरासा सरकला, अंगठ्यापर्यंत. पल्याड तो कडब्याच्या बाजूला उभा होता, माझ्याकडं तोंड करून. त्या अंतरावरून त्या डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे. ह्या वेळी कुपाटीवर लुगडं नव्हतं. माझ्या हाताशिवाय त्याच्यापाशी काही नव्हतं.

मी सूप दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. एकदा. आणि खाली घेतलं.

तो हालला नाही. मला वाटलं दिसलं नाही, पुन्हा दाखवावं काय. पण दुसऱ्यांदा दाखवलं तर मधली होते. तसाच थांबलो, सूप छातीशी धरून, जसं ती धरायची.

मग त्यानं टोपी काढली आणि उंच धरली. बराच वेळ धरली.

थोरली हळू हळू वर आली, पांढरी पडलेली, दोन्ही बाजूंनी भरून घेत. तराफा सुटला आणि मधल्या पाण्यावर न थांबता सरळ गावाकडं यायला लागला. तो काठाला लागायच्या आत मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी तो पोरीबरोबर गेला आणि परत आला नाही. दोन वर्षांनी तिकडंच वारला, असं कळलं. म्हणजे मी त्याला शेवटचं बघितलं ते तेवढंच, पाण्याच्या पल्याड, हात वर केलेला.

सूप आता माझ्या उशाशी खुंटीला आहे. बघतो आणि विचार करतो, ती टोपी माझ्यासाठी होती का सुपासाठी. विचारायला लिंबाजी नाही. गयाला बराबर ठाऊक असतं.